ती निळी गाडी खरी निघाली, जयू

जयू, आधी बातमी सांगते, रडणं-बिडणं मागाहून. ती निळी गाडी सापडली. गेममधल्या बर्फाच्या कारखान्यामागे भिंतीला तोंड लावून उभी असते ती, जिच्यापायी आपण सबंध पावसाळा एकमेकींशी भांडलो, तीच. खरी आहे, बाई. पत्रा, गंज, चाकं, सगळ्यासकट खरी आहे. मी तिला हात लावून आले. कुठे सापडली ते लगेच सांगायची नाही. तू मला कायम असंच ताटकळत ठेवायचीस, आता तू थांब थोडी.

परवा तुझं तेरावं झालं. नागावला तुझ्या अंगणात मांडव घातला होता आणि आलेला जो तो तुझ्याबद्दल बोलत होता. जयूच्या हातच्या जिताड्याच्या कालवणाला तोड नव्हती, तिच्या होमस्टेला एकदा आलेला पाहुणा परत यायचाच, सासूचं तिने किती केलं. सगळं खरंच होतं. पण मागच्या दिव्याच्या काचेवरून गाडीचं मॉडेल सांगणारी बाई अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरी नव्हती, हे कोणी म्हटलं नाही. मी म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. तुझ्या जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने भाताचा घास घेतला. म्हणून ते इथे लिहितेय.

आपली ओळख कशी झाली हे तुझ्या घरी कोणाला धड माहीत नाही. त्यांना वाटतं आपण शाळेतल्या मैत्रिणी. अलिबागला कोर्टाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. दुपारी वकील जेवायला गेले की मला काम नसायचं, मग मी कॉम्प्युटरवर गाड्या पळवायचा गेम लावून बसायचे. तू होमस्टेचा दरफलक लॅमिनेट करायला आलीस. मशीन तापेपर्यंत काउंटरवर वाकून माझ्या स्क्रीनकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, ती लाल गाडी खोटं बोलते."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"नाव भलतंच लिवलंय तिच्यावर. बिल्ला बदललाय. पण दाराखालची ती घडी बगा ना. कॉन्टेसा हाय ती."

ती कॉन्टेसा नव्हती. कॉन्टेसाची विलायतेतली थोरली बहीण होती, हे आपल्याला पुढे कधीतरी कळलं. पण त्या क्षणी मी गेम तिथेच थांबवला, कारण मी तो गेम वर्षभर खेळत होते आणि त्यातल्या गाड्या खऱ्या गाड्यांवरून घेतलेल्या असतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परवानग्यांची भानगड नको म्हणून गेमवाले नाव बदलतात, बिल्ला बदलतात, नाक थोडं चपटं करतात. अंग मात्र कुठल्यातरी खऱ्या गाडीचं असतं. त्या दिवशी तुझा दरफलक मशीनमध्ये वाकडा गेला आणि तुला ते घरी गेल्यावर दिसलं. दुसऱ्या दिवशी तू भांडायला आलीस ती संध्याकाळपर्यंत बसलीस.

तुला हे सगळं कुठून येत होतं ते मला तुझ्या माहेरी गेल्यावर समजलं. पेणजवळचं तुमचं घर मिठागरवाल्यांचं. बाबांनी पुढे ट्रक घेतले, ते मीठच वाहायला. मीठ वाहणारी गाडी कधी धड राहत नाही. दर पावसाळ्यानंतर कुठला ना कुठला पत्रा गळून पडायचा आणि मेस्त्री तुमच्या अंगणात दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा तुकडा घेऊन बसायचा. हा दिवा एसटीचा, ही जाळी जीपची, हे दार कोणाच्या तरी टेम्पोचं. बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या, तेव्हा तू त्या तुकड्यांच्या जोड्या लावायचीस. त्यातलीच एक जुनी मॅटाडोर व्हॅन बाबांनी तुला दिली. थंडीत सुरू करताना धूर सोडायची म्हणून तिचं नाव बंब. पाहुण्यांच्या बॅगा, गॅसचे सिलिंडर, नारळ आणि मी, एवढं सगळं तू त्या बंबातून वाहिलंस.

मी तुझ्या डाव्या हाताला बसायचे. रस्त्यावरची नजर न हलवता तू म्हणायचीस, "तोंड वाकडं करू नको गो." मी खिडकीबाहेर बघून हसले तरी तुला कळायचं. रुसले तरी कळायचं. मला वाटायचं, ही आवाजावरून ओळखते. पण मी गप्प असले तरी तू ओळखायचीस, त्याचं काय? विचारलं तर म्हणायचीस, "तू आधी चालवायला शिक, मग सांगते." मी म्हणायचे, तू आहेस की चालवायला.

पावसाळ्यात नागावला पाहुणा नसतो. पाण्यातले खेळ बंद, खानावळी अर्ध्या मिटलेल्या. पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेला तुझा तो गेमचा डबा आणि मोठा टीव्ही नुसता पडून असायचा. म्हणजे जगाला वाटायचं पडून आहे. दुकानाला सुट्टी असली की मी मिनिडोर रिक्षा पकडून तुझ्याकडे, आणि मग आपण त्या कोपऱ्यातल्या खोलीत, समोर उकडलेल्या शेंगा. गेममधला माणूस बँक लुटून पळतोय, मागे पोलीस, वर हेलिकॉप्टर, आणि तू म्हणतेयस, "थांब, थांब, ती कडेला उभी हाय ती बगू दे." मी त्या बिचाऱ्याला भर गोळीबारात रस्त्याकडेच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला लावायचे. आपण एकही गेम शेवटपर्यंत खेळलो नाही. तुझे हे, दिलीप भावोजी, एकदा दारातून डोकावले आणि म्हणाले, "अगो, तो मरतोय ना."

तू मान वर न करता म्हणालीस, "मरू दे. तो परत जल्मतो. गाडी निघून जाईल."

आणि ती पद्मिनी आठवते? इटलीतल्या कुठल्याशा जुन्या गावाचा गेम होता. गल्लीच्या तोंडाशी एक गोल पाठीची राखाडी गाडी उभी आणि आपण दोघी एकदम ओरडलो, पद्मिनी! शेंगांची परात सांडली. मग तू टीव्हीला नाक लावून जाळी बघितलीस, पुढचा दिवा बघितलास, आणि हळूच म्हणालीस, "ही पद्मिनी न्हाय गो. पद्मिनीची आय हाय." आपण इतक्या खूश होतो की त्या दिवशी पुढे काही खेळलोच नाही. आपल्याकडे टॅक्सी म्हणून आयुष्य काढलेल्या पोरीची आई अशी परगावी अचानक भेटली होती. तू तिला नमस्कारसुद्धा केलास. मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

मग ती साइट सापडली आणि आपण बिघडलोच. जगभरातले आपल्यासारखे खुळे तिथे जमलेले. प्रत्येक गेमचं पान, प्रत्येक गाडीचं चित्र, खाली खरं नाव. तू सांगायचीस, मी इंग्रजीत लिहायचे. पण तुझा नियम त्यांच्यापेक्षा कडक होता. आपण स्वतः खऱ्या गाडीपाशी उभं राहून, गेममध्ये दिसते त्याच बाजूने फोटो काढल्याशिवाय नाव द्यायचं नाही. दोन फोटो शेजारी शेजारी. तू त्याला जोडफोटो म्हणायचीस. आणि डावं ते डावं, उजवं ते उजवं. धुराड्याची नळी गेममध्ये डावीकडे आणि फोटोत उजवीकडे असली तर ती गाडी वेगळी, विषय संपला.

या जोडफोटोंसाठी आपण मांडव्याला जाऊन बसायचो. शनिवारी सकाळी मुंबईहून गाड्या वाहणारी रो-रो बोट लागली की तिच्या पोटातून एकेक गाडी बाहेर यायची, सगळ्या बंगलेवाल्यांच्या, पॉलिश केलेल्या. तुला त्या बंगल्यांचं काही नव्हतं. तू फक्त म्हणायचीस, "आली, आली, तिसरी बग, पोलिसांनी आपल्याला मारलं तेव्हा होती ती." एकदा एका बाईंनी काच खाली करून विचारलं, माझ्या गाडीचे फोटो का काढताय. मी गांगरले. तू शांतपणे म्हणालीस, "मॅडम, तुमची गाडी आमी काल पुलावरून खाली पाडली. लागलंय का कुटं, बगत होतो." त्या बाई काच वर करायच्याही विसरल्या. परतीच्या वाटेवर बंबात मी इतकी हसले की तू गाडी कडेला घेतलीस.

मग ती निळी गाडी आली.

तो छोटासाच गेम होता, कुठल्या देशाचा ते धड कळत नव्हतं. समुद्रकिनारा, जेट्टी, वाळत घातलेली जाळी, बर्फाचा कारखाना. माणसं रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या हाकत होती, म्हणजे आपल्याकडचा नक्की नव्हता. कारखान्यामागे ती उभी, आपल्याकडे पाठ करून. अंग मॅटाडोरसारखं, पण मागचे दोन दिवे दोन जातींचे. उजवीकडे बसचा लांब उभा दिवा, डावीकडे छोटा चौकोनी. मागच्या दाराची एक फळी पन्हाळी पत्र्याची, दुसरी सपाट.

"आपल्या बंबासारखीच गो," तू म्हणालीस.

मी लगेच म्हटलं, "बंबाचा उभा दिवा डावीकडे आहे. डावं ते डावं."

तू मान हलवलीस. "व्हय. ती न्हाय."

झालं. तिथेच विषय मिटला. इथे मी आत्ता लिहिताना थांबून हसून घेतलं, तूही घे.

पण भांडण तिथून सुरू झालं. माझं म्हणणं, ही भेसळ आहे. गेमवाल्याने चार गाड्यांचे तुकडे घेऊन एक काल्पनिक गाडी केलीय. तुझं म्हणणं, ही दुरुस्ती आहे. "समुद्राकाठी ऱ्हाणाऱ्या कोनाची तरी हाय ती. हातात होता तो दिवा लावलाय. मनानं काडणारा दोनी दिवे सारखेच काडील ना? येडा हाय का तो, एक असा आणि एक तसा काडायला?" मी म्हणायचे, मुद्दाम जुनाट दिसावी म्हणून काढलं असेल. तू म्हणायचीस, जुनं मुद्दाम करता येत नाही. साइटवर त्या पानाची देखरेख करणारा फिनलंडचा एक गृहस्थ होता, तो माझ्या बाजूचा. त्याने गाडीखाली सरळ लिहून टाकलं: काल्पनिक. तू भडकलीस. "लिव त्याला, तुज्या गावात मीठ न्हाय का म्हणावं." मी लिहिलं. त्याने उत्तर दिलं की हिवाळ्यात आमच्याकडे रस्त्यावर मीठच टाकतात, गाड्या चिकार गंजतात, पण लोक दिवा मात्र जोडीचा आणतात. तू ते वाचून म्हणालीस, "श्रीमंत हायत." आणि आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाहीस, जसा काही मीच फिनलंडला राहते.

तुला त्या गाडीचं एवढं का लागलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटतं मला कळत होतं. तुमच्या अंगणात तशाच गाड्या होत्या, एकही धड एका जातीची नाही. त्यांना कोणी काल्पनिक म्हटलेलं तुला चालणार नव्हतं. तुला ताप आला, अलिबागला दाखल केलं, तेव्हाही तेच. बोलताना दम लागत होता आणि मी कॉटजवळ बसले न बसले तोच विचारलंस, "काडलं का काल्पनिक?" मी म्हटलं, "घरी ये, भांडून काढू." तू हसलीस. मला सगळ्यात जास्त हेच डाचतंय. भांडण अर्ध्यावर टाकून कोणी जातं का? मी कुठल्याच बाजूची राहिले नाही. जिंकलेही नाही, हरलेही नाही.

बरं, आता ऐक.

तुझ्या अस्थी हरिहरेश्वरला न्यायच्या ठरल्या. बायकांनी कशाला, असं कोणीतरी म्हणालंच. भावोजी म्हणाले, "शुभाताई येतील." एवढंच. तुला तुझ्याच गाडीतून न्यायचं म्हणून बंब काढला. भावोजी चालवत होते, कलश त्यांच्या थोरल्या भावाच्या मांडीवर. मी आणि आमचे हे आमच्या गाडीत, पुढे. निघताना भावोजी मला हळूच म्हणाले, "तेराव्यानंतर बंब भंगारात देतो. पेणहून येणार हाय माणूस. अंगणात उभी दिसते ना रोज, बगवत न्हाय." त्यांची गाडी, त्यांचं दुःख. मी गाडीत जाऊन बसले.

आगरदांड्याला फेरीबोट यायची होती. आमची गाडी रांगेत पुढे, बंब मागे. तुला माहीत आहे, तिथे टेम्पोसारख्या गाड्या उलट्या चढवतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरतात. भावोजींनी रांगेतच बंब फिरवून घेतला आणि त्याची पाठ आमच्याकडे केली. मी माझ्या बाजूच्या आरशात सहज बघितलं. ऊन बंबाच्या पलीकडून येत होतं. पांढरा रंग दिसत नव्हता, पिवळी पट्टी दिसत नव्हती. सगळं सावलीत, नुसते आकार. उजवीकडे लांब उभा दिवा, डावीकडे छोटा चौकोनी. एक फळी पन्हाळी, एक सपाट.

जयू! मी आरशात बघितलं, मग मान मागे वळवून बघितलं. उभा दिवा डावीकडे. परत आरशात. उजवीकडे. परत मागे. आमचे हे म्हणाले, "काय झालं? उलटी येतेय का?" मी दार उघडून खाली उतरले आणि त्या जेट्टीवर, फेरीची वाट बघणाऱ्या सगळ्या माणसांसमोर, तुझ्या अस्थी दहा पावलांवर असताना, टाळी वाजवून ओरडले, "बंबच आहे ती!"

लोक बघायला लागले. एका मासळीवाल्या बाईने पाटी डोक्यावरून उतरवून ठेवली. भावोजी घाबरून खाली आले. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मी म्हणत होते, "उलटी केलीय हो, त्यांनी नुसती उलटी केलीय." किती सोपं होतं गं. गेममधल्या त्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालते, म्हणून स्टेअरिंग डावीकडे हवं. मग त्यांनी काय केलं, अख्खी गाडीच आरशातल्यासारखी उलटी करून ठेवली. वर निळा रंग फासला. स्टेअरिंगबरोबर दिवाही पलीकडे गेला, आणि आपण दोघी डावं ते डावं करत बसलो.

फेरी सुटल्यावर मी भावोजींना फोनवर गेममधलं चित्र दाखवलं आणि बंबाचा जेट्टीवर काढलेला फोटो उलटा करून शेजारी ठेवला. जोडफोटो. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. खाडीवर वारा होता, फोन माझ्या हातात हलत होता, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"ही तर आपली," ते म्हणाले. मग दिव्यावर बोट ठेवून, "तो दिवा मीच आणलेला. म्हटलं जोडी आणू, तर ऐकेना. हाय तो लाव म्हणाली." मग त्यांना आठवलं. "ती पुण्याची पोरगी आणि पोरगा आलेले ना, ज्यांना समुद्र बगायचाच नव्हता? तासभर बसली होती बंबाच्या पाठी. मी विचारलं काय बगता, तर म्हणाली, गंज."

आठवले तुला ते दोघं? भिंतीचे, जाळ्यांचे, पागोळीखालच्या शेवाळाचे फोटो काढणारे. गेम करणारे तेच, हे आता कळलं. तू मला फोन करून सांगितलं होतंस, "येडी पाहुणी आलीत गो, भिंतीचा फोटो काडतात." आणि त्यांना बंबातून रेवदंड्याला सोडूनही आलीस. वाटेत त्यांना शेंगाही दिल्या असशील. तुझ्या गाडीत बसून ते तुझी गाडी घेऊन गेले आणि तू त्यांना हात हलवून निरोप दिलास.

थोरल्या भावोजींना यातलं काही कळत नव्हतं. ते कलश धरून बसले होते. दिलीप भावोजी त्यांच्याजवळ गेले, कलशावरचं फडकं जरा सारखं केलं आणि खाली वाकून म्हणाले, "ऐकलंस ना? तुझंच खरं निघालं." त्यानंतर दिघी येईपर्यंत आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे होतो. ते रडत होते आणि मध्येच मान हलवून हसत होते. हरिहरेश्वरला तुला पाण्यात सोडलं तेव्हा मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. माझ्याकडे तुला सांगायला काहीतरी होतं ना.

त्याच दिवशी घरी येऊन मी साइटवर जोडफोटो टाकला. फिनलंडवाल्याचं उत्तर सकाळी आलं. म्हणाला, मी चुकलो, तुमच्या मैत्रिणीची माफी मागा. काल्पनिक हा शब्द त्याने काढला. आता तिथे लिहिलंय: मॅटाडोर, दुरुस्त केलेली, नागाव. मी त्याला कळवलं की मैत्रीण गेली. त्याने त्याच्या भाषेत काहीतरी लिहिलं, मी ते भाषांतर करून बघितलं नाही. तसंच राहू दे म्हटलं.

तर आता हिशेब. गाडी खरी, दुरुस्ती खरी, म्हणजे तू जिंकलीस. मी हरले. घे, म्हणून टाकलं. पण एवढी जगातल्या गाड्या ओळखणारी तू, आणि तुला अंगणातली ओळखता आली नाही? लाज वाटू दे थोडी. आणि आपण भांडत कुठे होतो, ते आठव. बंबातच. रेवदंड्याच्या पुलावर मी त्याच गाडीच्या डॅशबोर्डवर हात आपटून म्हणाले होते, "अशी गाडी जगात नाही." तू ब्रेक मारून म्हणालीस, "हाय." आणि आपण दोघी तिच्या आत बसलेल्या.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भावोजी कोपऱ्यातल्या खोलीत आले. म्हणाले, "मना दाखवा ती." मी गेम लावला, कारखान्यामागे नेलं. ते खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसले, तू बसायचीस तसे.

"चालवता येते का हिला?"

"नाही भावोजी. नुसती उभी असते."

"कोन नेत न्हाय तिला?"

"कोणी नाही."

मी गेममधल्या माणसाला गाडीच्या कडेला नेलं, दाराच्या काचेतून आत बघितलं. आत फक्त सीटा होत्या. स्टेअरिंग डावीकडे, म्हणजे माझ्या जागेपुढे. मला एकदम अंग चोरल्यासारखं झालं. तुझ्या सतत चाललेल्या त्या "शिक गो"ला मी इतकी वर्षं टाळलं आणि या लोकांनी मला न विचारता स्टेअरिंग हातात दिलं होतं. भावोजींनी तिथूनच पेणला फोन लावला आणि त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. मग खिशातून चावी काढून शेंगांच्या परातीशेजारी ठेवली. "कोनी चालवली न्हाय तर बॅटरी उतरल," ते म्हणाले. "मना जमत न्हाय तिच्यात बसायला. तुमी बगा."

आज सकाळी मी बंबात बसले. पहिल्यांदा उजव्या बाजूने चढले. तुझ्या सीटवरचं ते फाटलेलं कव्हर, तुझी ती हळदीचा डाग पडलेली ओढणी अजून मागे अडकवलेली. क्लच कुठला, ब्रेक कुठला ते भावोजींनी बाहेर उभं राहून सांगितलं. म्हणाले, आधी आरसा बघा.

मी वर बघितलं. तो आतला आरसा, काचेच्या वर मधोमध असतो तो. त्यात मागचा रस्ता दिसायचा प्रश्नच नव्हता, बंबाच्या मागे नुसता पत्रा आहे. तू तो आरसा कधीच रस्त्यासाठी ठेवलेला नव्हतास. डावीकडे पुरता वळवून, स्क्रूने घट्ट आवळून ठेवला होतास. त्यात माझी सीट दिसत होती. खिडकीच्या बाजूचा तो कोपरासुद्धा, जिकडे तोंड करून मी हसायचे.

मी भावोजींना म्हटलं, आरसा बरोबर आहे. मग किल्ली फिरवली. बंबाने नेहमीसारखा आधी धूर सोडला.